सटर हेल्थ: हॉस्पिटलांचं मोठं नेटवर्क म्हणजे सोय की मक्तेदारी?

फ्रीमाँटकर: सटरने मक्तेदारीच्या जोरावर दर वाढवल्याची दुसरी केस पण 2025 मध्ये मिटवली, 22.85 कोटी डॉलर देऊन. आधीची 57.5 कोटींची. नॉर्दर्न कॅलिफोर्नियात यांची वीसेक हॉस्पिटलं, आणि आरोप असा की इन्शुरन्सवाल्यांना सांगायचे, घ्यायची तर सगळी घ्या नाहीतर एकही नाही. आता बर्कलीत अल्टा बेट्स सोडून दुसरं हॉस्पिटलच नाही, ते विम्याच्या नेटवर्कमध्ये नसेल तर तिथे पॉलिसी घेणार कोण, म्हणजे त्या एकासाठी बाकीची महागडीही गळ्यात. वर स्वस्त हॉस्पिटलात जाणाऱ्याला को-पे, म्हणजे पेशंटने खिशातून भरायचा वाटा, कमी ठेवायचीही इन्शुरन्सवाल्यांना चोरी. दादागिरी नाही तर काय?

नाना_सॅक्रामेंटो: अहो पण या दुसऱ्या केसमध्ये 2022 मध्ये ज्युरीने सटरच्याच बाजूने निकाल दिला की! सेटलमेंटमध्येही त्यांनी काही कबूल केलेलं नाही. मेडी-कॅलच्या, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याच्या, पैशात खर्च निघत नाही, नर्सेसचे पगार बघा, पार ओरेगॉनच्या सीमेजवळ क्रेसेंट सिटीत हॉस्पिटल चालवतात ते कुठून? आणि ब्लू शील्ड, अँथम या विमा कंपन्या काय धुतल्या तांदळाचे आहेत?

फ्रीमाँटकर: नाना, अर्धंच सांगितलंत. 2024 मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला, कारण 2006 च्या आधीचे पुरावे ज्युरीपुढे येऊच दिले नव्हते. आणि आधीच्या 57.5 कोटींच्या केसमध्ये कागदपत्रांचे 192 खोके नष्ट केले, म्हणे चुकून! कोर्टाने त्यावरून झापलंय त्यांना.

मेधा_के: मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. 57.5 कोटी गेले एम्प्लॉयर आणि युनियनच्या फंडांना, पगारातून कापला जाणारा माझा प्रीमियम काही कमी झाला नाही. दुसऱ्या केसमध्ये 30 लाखांच्या आसपास लोक, वकिलांचा वाटा जाऊन माणशी काय उरणार ते तुम्हीच सांगा. खरी वेळ होती 1999 ची, ओकलंडचं समिट हॉस्पिटल सटरने घेतलं तेव्हा. ते थांबवायला राज्य सरकार कोर्टात गेलं होतं, हरलं, आणि नंतर एफटीसीच्या, म्हणजे मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, अर्थतज्ज्ञाने आकडे काढले तर समिटचे दर आसपासच्या हॉस्पिटलांपेक्षा कितीतरी जास्त वाढलेले. आता खटले म्हणजे वरातीमागून घोडं.

नाना_सॅक्रामेंटो: मग तोडायचं का नेटवर्क? सुटी झालेली छोटी हॉस्पिटलं बंद पडली की मग बोलू.

मेधा_के: बंद पडायचंच म्हणाल तर भूकंपाच्या नियमांपायी अल्टा बेट्सच 2030 पर्यंत बंद करायचं सटरने स्वतः जाहीर केलं होतं नाना, ते तर नेटवर्कमध्येच होतं ना!