घराच्या वर ‘हाय हॅझर्ड’ मातीचं धरण. घर घ्यावं की सोडावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

टेक्ससमध्ये एक घर पसंत पडलंय. मागे ओढा, ओढ्याकाठी पायवाट, आणि अर्ध्या मैलावर एक लांबलचक गवताळ टेकाड. परवा सहज आर्मी कोअरची (अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाची) राष्ट्रीय धरणसूची उघडली, तर ते टेकाड चक्क धरण निघालं! मातीचं, तीसेक फूट उंच, साठच्या दशकातलं, पूरनियंत्रणासाठी. पुढे लिहिलंय: हॅझर्ड हाय, कंडिशन पुअर. एरवी त्यात डबक्याएवढं पाणी असतं हो!

सासूबाई सध्या इथेच आहेत. पानशेत फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, त्या सात वर्षांच्या होत्या, शनिवार पेठेत. त्यांनी विषयच बंद केलाय. ऑप्शन पिरियड, म्हणजे सौद्यातून माघार घ्यायची मुदत, शुक्रवारी संपतो. हाय हॅझर्ड म्हणजे फुटायला आलंय का?

– ओढ्याकाठची

----

नाही. आपल्याकडची सवय इथे गोंधळात टाकते. भारतात तपासणीनंतर धरणाची वर्गवारी करतात ती त्रुटींवरून, वर्ग १ म्हणजे दुर्लक्ष केलं तर धरण फुटू शकेल असे दोष. अमेरिकेतला हॅझर्ड धरणाच्या तब्येतीबद्दल काहीच सांगत नाही. फुटलं तर खाली काय होईल, एवढंच तो सांगतो. माणसं दगावण्याची शक्यता असेल तर हाय. काल बांधलेलं ठणठणीत धरणसुद्धा हाय असू शकतं.

ही धरणं बहुतेक १९४४ आणि १९५४ च्या कायद्यांखाली कृषी खात्याच्या मदतीने झाली, देशभर जवळजवळ १२ हजार. तेव्हा खाली कुरणं होती, म्हणून हॅझर्ड लो. मग तुमच्यासारखी घरं आली (राग मानू नका) आणि धरण जागचं न हलता हाय झालं.

तब्येत कळते ती कंडिशनवरून. तुमचा खरा प्रश्न ‘पुअर’ हा आहे. पण त्याचीही दोन कारणं असू शकतात. एक, भरावातून पाझर, उंदीर-घुशींची बिळं, झाडांची मुळं, आतला पाइप कुजलेला. दुसरं, धरण धडधाकट, पण हाय झाल्यामुळे आता कितीतरी मोठा पूर हिशेबात धरायचा आणि जुना सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायची वाट, त्याला अपुरा. पहिलं असेल तर मी घर घेणार नाही. तपासणी अहवाल राज्याच्या धरण सुरक्षा विभागाकडे मागा.

– सांडवा

----

लहान म्हणून हसू नका. जॉर्जियात टोकोआजवळचं केली बार्न्स हे मातीचंच धरण ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे फुटलं, ३९ माणसं गेली. आपलं तिवरे, २ जुलै २०१९, तेही मातीचंच.

आणि घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. तो वेगळा घ्या, सरकारी पॉलिसी एरवी ३० दिवसांनी लागू होते. फेमाच्या (केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) नकाशात तुम्ही पूररेषेबाहेर दिसाल, पण धरण फुटलं तर काय, हे त्या नकाशात धरलेलं नसतं.

– चिपळूणकर_डॅलस

----

दोघांचे आभार. अहवाल मागवलाय. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी उलट विचारलं, “फुटलं नाही, नुसतं भरून वाहिलं, तर पाणी कुठून जाईल?” मला उत्तर देता आलं नाही.

– ओढ्याकाठची

----

सासूबाईंना नमस्कार सांगा, बरोबर जागी बोट ठेवलंय. नेहमीचं पाणी भरावाखालच्या पाइपातून हळूहळू सुटतं. अतिवृष्टीत मात्र बांधाच्या एका टोकाला खोदलेला रुंद, गवत लावलेला सांडवा वाहतो. धरण शाबूत असतानाही. बांधावर उभं राहा, तो सपाट चर कुठे उतरतो ते बघा. तुमच्या कुंपणाकडे उतरत असेल तर अहवालाची वाट बघू नका, घर सोडून द्या. आणि टायटल कंपनीला (घराच्या मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीला) विचारा, प्लॉटवर पाणी सोडण्याचा हक्क नोंदलाय का.

– सांडवा

----

उद्या सकाळीच जातो. सासूबाईंनी बूट काढून ठेवलेत.

– ओढ्याकाठची