इटलीहून काय आणावे आणि किती आणावे: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सी-501: सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार. काल रात्री सहलीची तारीख जाहीर झाल्यापासून या ग्रुपवर ज्या फर्माइशी येत आहेत, त्या वाचून आम्ही इटली पाहायला निघालो आहोत की सगळ्यांचे सामान वाहायला, असा प्रश्न मला पडला आहे. कार्यकारिणीत ठरले होते ते एवढेच, की उत्सव निधीतून क्लबहाउसच्या काचेच्या कपाटासाठी एक वस्तू आणि आपल्या सुरक्षा व सफाई कर्मचाऱ्यांसाठी बारा लहान भेटी आणायच्या. फ्रिजवर चिकटवायची चुंबके नकोत, असे मी त्याच बैठकीत बोलले होते, पण ते इतिवृत्तात आलेले नाही. गेल्या सहलीतल्या फुलदाणीचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याविषयी मी काही बोलत नाही.

बी-402: बोलत नाही म्हणता म्हणता आपण बोललातच, काकू. ती फुलदाणी आम्ही पदरमोड करून आणली होती, निधीतला एक रुपयाही घेतला नव्हता. टूरवाल्याने व्हेनिसच्या स्टेशनाबाहेर मोजकी वीस मिनिटे दिली होती आणि तेवढ्या वेळात मिळाले ते आम्ही घेतले. बुडाची चकती निघाली आणि खाली दुसऱ्याच देशाचे नाव निघाले, यात आमचा अपराध काय, हे एकदा लेखी कळवावे.

ए-104: माझ्या पोवळ्याचे तेवढे लक्षात असू द्यावे. नातीच्या पत्रिकेत मंगळ आहे आणि आमच्या ज्योतिषांनी इटालियन पोवळेच घालायला सांगितले आहे.

डी-601: मी तर म्हणतो, मिलानहून कोल्हापुरी चपला आणाव्यात. जून 2025 मध्ये प्राडाने तिथल्या फॅशन शोमध्ये मिरवल्या त्या थेट आपल्याच होत्या, त्यामुळे घरची वस्तू परदेशाहून आणल्याचे समाधानही मिळेल.

बी-302 (सेक्रेटरी): कृपया विषयाला धरून लिहावे. डी-203 च्या ताई शिक्षणासाठी फ्लॉरेन्सला राहिल्या आहेत. त्यांनी मार्गदर्शन करावे, अशी त्यांना विनंती आहे.

डी-203: धन्यवाद, साहेब. संदेश लांबला तर सांभाळून घ्यावे. आधी काचेचे सांगते, कारण सगळ्यांत जास्त फसगत तिथेच होते. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने 1291 मध्ये काचेच्या भट्ट्या शहराबाहेर मुरानो बेटावर हलवायला लावल्या. लाकडी घरांच्या शहराला आगीचे भय होतेच, शिवाय कारागीर एका जागी राहिले की त्यांची गुपितेही बाहेर जात नाहीत. आज व्हेनिसच्या गल्ल्यांत मुरानोच्या नावाने जे विकले जाते, त्यातले बरेचसे त्या बेटावर घडलेलेच नसते. व्हेनेतो प्रांताने 1994 मध्ये कायदा करून ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे अधिकृत चिन्ह आणले. ते चिन्ह आणि कारखान्याचा क्रमांक दुकानदाराकडे मागावा. सगळेच चांगले कारागीर ते वापरत नाहीत, तेव्हा निदान घडवणाऱ्याची सही आणि रीतसर दाखला असावा. फुंकून केलेले भांडे उलटे धरले तर बुडाच्या मध्यावर लोखंडी दांड्यापासून सुटल्याची खूण दिसते. ती कधी खडबडीत असते, तर कधी घासून गुळगुळीत केलेली असते. साच्यात ओतलेल्या भांड्याला कडेने शिवणीसारखी बारीक रेघ असते. एवढ्या दोन गोष्टी बघितल्या तरी निम्मी दुकाने आपोआप गळतात.

बी-402: ही माहिती गेल्या वर्षी कुणी दिली असती तर उपकार झाले असते. टूरवाल्याने आम्हाला मुरानोला फुकट नावेने नेले खरे, पण भट्टीपाशी जेमतेम पाच मिनिटे उभे करून थेट दालनात कोंडले. तिथल्या किमती पाहून आम्ही स्टेशनाबाहेर खरेदी केली.

डी-203: फुकट नाव म्हणजे दलालीची नाव समजावी. फोंदामेंते नोव्हेच्या धक्क्यावरून साधी सरकारी वापोरेत्तो, म्हणजे प्रवासी बोट, मुरानोला जाते. तिकीट काढून गेले की कुठल्याही भट्टीत डोकावून काहीही न घेता बाहेर पडता येते. पुढे बुरानो बेटावर गेलात तर सुईने विणलेली लेस जरूर पाहावी, पण टेबलावर ढीग घालून विकतात ती नव्हे. खऱ्या लेसला खाली कापडाचा आधारच नसतो. कागदावर आराखडा टाचून दोऱ्यातच दोरा गुंतवत जातात आणि शेवटी कागद सोडवतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक टप्प्याची बाई वेगळी असायची. तळहाताएवढ्या तुकड्याला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे दहा युरोला मिळणारा टेबलक्लॉथ बुरानोचा असणे शक्यच नाही. तिथे 1872 साली निघालेली लेसची शाळा 1970 मध्ये बंद पडली. आता त्याच इमारतीत संग्रहालय आहे आणि बऱ्याचदा तिथे वृद्ध बायका विणताना दिसतात. न घेता नुसते पाहून आलात तरी चालेल.

सी-501: हेच मी बैठकीत सांगत होते, की वस्तू कमी आणावी पण ती अस्सल असावी.

ए-104: पोवळ्याविषयी कुणी काही लिहिले नाही.

ए-303 (खजिनदार): निधीतून वीस हजार रुपये मंजूर आहेत, त्यापलीकडे एक पैसाही मिळणार नाही. दुसरे असे की इटलीत बहुतेक वस्तूंवर 22 टक्के व्हॅट असतो आणि परदेशी प्रवाशाला त्यातला काही भाग परत मिळतो. पूर्वी त्यासाठी एका पावतीवर 154.94 युरोंहून अधिक खरेदी लागत असे, फेब्रुवारी 2024 पासून ती मर्यादा 70 युरोंवर आली आहे. दुकानात पासपोर्ट दाखवून अर्ज भरून घ्यावा आणि युरोपीय संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर त्यावर कस्टम्सची नोंद करून घ्यावी. वस्तू न वापरलेली आणि दाखवता येईल अशी हाताशी असावी. बॅग आधी आत गेली आणि नंतर आठवण झाली, असे होऊ देऊ नये. परतावा निधीत जमा करावा लागेल.

डी-601: म्हणजे भेट कर्मचाऱ्यांना, परतावा निधीला आणि रांगेत उभे राहायचे सहलीच्या सभासदांनी. हिशेब चोख आहे, साहेब.

सी-202: कपाटासाठी मी एक सुचवू का? आम्ही मूळचे गोव्याचे. ओल्ड गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीखाली जो रंगीत दगडांचा चौथरा आहे, तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराचा. तोस्कानाचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांनी तो पाठवला आणि 1698 मध्ये तिथे त्याची जोडणी झाली. रंगीत दगड कापून, सांधे दिसू न देता चित्र जुळवण्याचे ते काम फ्लॉरेन्समध्ये आजही चालते. तिथल्या मेदिची राजघराण्याने 1588 मध्ये सुरू केलेली कार्यशाळा आता जीर्णोद्धाराची संस्था झाली आहे आणि तिचे संग्रहालयही पाहता येते. त्या कामाचा एखादा छोटा तुकडा आणला तर त्याचा आपल्याकडच्या वारशाशी संबंध तरी असेल.

डी-203: कल्पना फार सुंदर आहे, पण अस्सल कामाचा हातभर चौकोनही वीस हजारांत बसायचा नाही. संग्रहालय मात्र चुकवू नये.

ए-104: पोवळे, इटालियन, सहा रत्ती. तिसऱ्यांदा लिहीत आहे.

डी-203: काका, क्षमस्व, आता सविस्तर सांगते. आपल्याकडे सराफ ज्याला इटालियन पोवळे म्हणतात, त्याचे खरे गाव नेपल्सजवळचे तोर्रे देल ग्रेको. भूमध्य समुद्रातले तांबडे पोवळे कापण्याचा आणि शिंपल्यावर कोरीव काम करण्याचा धंदा तिथे पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. पण रंगवलेले आणि भुकटी दाबून केलेले पोवळेही सर्रास विकले जाते आणि नुसत्या नजरेने ते ओळखता येत नाही. प्रयोगशाळेच्या दाखल्याशिवाय घेऊ नये. सहलीत नेपल्सला आपल्याला एकच दुपार आहे, त्यामुळे ती जबाबदारी कुणा सहप्रवाशावर टाकणे मला योग्य वाटत नाही.

बी-402: दाखला न घेता आणले आणि पुढे खोटे निघाले की पुन्हा वर्षभर ग्रुपवर आमचेच नाव. आम्ही आणणार नाही, काका.

डी-601: काकांसाठी नेपल्सचे तांबडे शिंग आणावे. सान ग्रेगोरिओ आर्मेनोच्या गल्लीत, ख्रिस्तजन्माच्या देखाव्यांच्या मूर्ती घडवणाऱ्यांच्या शेजारीच ती टांगलेली असतात. दृष्ट लागू नये म्हणून तिथले लोक जवळ बाळगतात, आपल्या लिंबू-मिरचीचाच मान. मात्र ते स्वतःसाठी विकत घ्यायचे नसते, दुसऱ्याने भेट द्यावे लागते, असा तिथला संकेत आहे. बारा कर्मचाऱ्यांसाठी बारा शिंगे घेतली तर भेटीचा प्रश्नही सुटतो.

सी-501: रात्रपाळी करणाऱ्या माणसाला शिंग देणे मला प्रशस्त वाटत नाही. फ्लॉरेन्सचा अबरी कागद लावलेल्या वह्या द्याव्यात.

डी-203: वह्या मलाही आवडतात. तो कागद करताना पाहणे हा एक सोहळाच असतो. दाटसर द्रावाच्या पसरट भांड्यावर रंगाचे थेंब सोडायचे, फणीने ते विंचरायचे आणि कागद एकदाच अलगद टेकवून उचलायचा. दुसरा कागद हुबेहूब तसा कधीच निघत नाही. पित्ती राजवाड्यासमोर 1856 पासून हे काम करणारे एक घराणे आहे. वजनाला हलकी आणि फुटण्याची भीती नाही, अशी दुसरी वस्तू मला तरी आठवत नाही.

बी-402: आपले सुरक्षा रक्षक वह्यांत काय लिहिणार, गाड्यांचे क्रमांक? चॉकलेटे आणावीत. पेरुजाची 1922 पासूनची बाची प्रसिद्ध आहेत.

डी-601: प्रत्येक बाचीच्या वेष्टणात प्रेमावरचे एक वचन असते. ते वाचून रात्रपाळीचा शंकेखोर रक्षक सेक्रेटरीसाहेबांकडे कोणत्या नजरेने पाहील, याचा आधी विचार व्हावा.

सी-501: वह्यांना ‘गाड्यांचे क्रमांक’ म्हणणे हा त्या माणसांचा अपमान आहे. त्यांच्यातल्या दोघांची मुले दहावीला आहेत, हे कदाचित बी-402 ला ठाऊक नसावे.

बी-402: मला पुष्कळ ठाऊक आहे, काकू. दिवाळीला बोनस कुणी वेळेवर दिला आणि कुणी नाही, हेही ठाऊक आहे.

बी-302 (सेक्रेटरी): दोघांनाही नम्र विनंती. भेटींविषयी मी स्वतः कर्मचाऱ्यांना विचारून कळवतो.

ए-303 (खजिनदार): थोडे पार्मिजानो चीजही आणता येईल का? सर्वांच्या घरी उपयोगी पडेल.

सी-202: आपल्या निम्म्या सोसायटीला ते चालणार नाही, साहेब. पार्मिजानो रेज्जानोच्या नियमाप्रमाणे दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनेच विरजावे लागते. त्याला शाकाहारी पर्याय मान्य नाही, चीज कितीही महिने मुरवलेले असले तरी. खाद्यपदार्थच हवा असेल तर मोदेनाचे पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर आणावे. द्राक्षाचा रस आटवून तो लाकडी पिंपांत किमान बारा वर्षे मुरवतात, वरच्या प्रतीचा असेल तर पंचवीस वर्षे. ते 100 मिलिलीटरच्या ठरावीक घाटाच्या कुपीतच मिळते. मोठ्या बाटलीत स्वस्त मिळते ते वेगळे, ते कोशिंबिरीला ठीक आहे. कुपी कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेतच ठेवावी.

ए-303 (खजिनदार): चीज रद्द समजावे.

डी-203: चामड्याविषयी कुणी विचारले नाही, तरी दोन ओळी लिहिते. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झोच्या बाजारात ‘वेरा पेल्ले’ हा शिक्का सगळीकडे दिसतो. तो चामडे खरे असल्याचे सांगतो, शिलाई कुठे झाली ते सांगत नाही. घ्यायचेच असेल तर सांता क्रोचे चर्चच्या मागे फ्रान्सिस्कन साधूंनी दोन चर्मकार कुटुंबांच्या साथीने 1950 मध्ये युद्धात अनाथ झालेल्या मुलांना हुन्नर मिळावा म्हणून काढलेली शाळा आहे, तिथे घ्यावे. कारागीर समोरच काम करत असतात आणि वस्तूवर सोन्याच्या वर्खात आद्याक्षरे उमटवून देतात. आणि एक कळकळीची सूचना. फुटपाथवर चादर पसरून नामांकित कंपन्यांच्या पर्स विकणाऱ्यांकडे वळूनही पाहू नये. नक्कल विकत घेणाऱ्या पर्यटकालाही तिथे हजारो युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.

डी-601: आणि पॉम्पेईच्या प्राचीन अवशेषांतला खडा खिशात घालू नये. ज्यांनी घातला, त्यांच्यातले बरेच जण पुढे साडेसातीला घाबरून क्षमापत्रासह तो टपालाने परत पाठवतात.

सी-501: मग कपाटासाठी काय आणायचे, ते आजच ठरावे.

डी-203: माझे मत मातीच्या भांड्याला. अमाल्फीच्या किनाऱ्यावर व्हिएत्री सुल मारे या गावची रंगीत भांडी मिळतात आणि आपली बस तिकडे जाणारच आहे. कथिलाच्या पांढऱ्या लेपावर भाजण्याआधी कुंचल्याने रंगवतात. कोरडा लेप रंग लगेच पिऊन टाकतो, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. म्हणूनच हाताने रंगवलेल्या दोन थाळ्या शेजारी ठेवल्या की रेघांची जाडी कुठे ना कुठे वेगळी दिसते. सगळ्या थाळ्या तंतोतंत सारख्या असतील, तर ती छपाई आहे. वीस हजारांत मोठी थाळी येऊन वह्यांपुरतेही पैसे उरतील. त्या गावचे बोधचिन्ह गाढव आहे, ते रंगवलेली थाळी मला विशेष आवडते.

डी-601: क्लबहाउसच्या कपाटात गाढव! कार्यकारिणीची हरकत नसेल तर माझे संपूर्ण अनुमोदन आहे.

बी-302 (सेक्रेटरी): सूचक विनोद कळला. तरीही थाळीला माझी मान्यता आहे. चित्र कोणते असावे ते सहलीच्या सभासदांनी तिथे ठरवावे. कर्मचाऱ्यांपैकी आठ जणांशी आत्ताच फाटकाशी बोलून आलो. पाच जणांनी मुलांसाठी वह्या मागितल्या, दोघांनी चॉकलेट आणि एकाने फक्त तिथला फोटो पाठवा म्हणून सांगितले.

ए-104: सहा रत्ती नसेल तर पाचही चालेल.

बी-402: थाळी आपण खुशाल आणावी. आमची फुलदाणी त्या कपाटातून काढून घेतली जाईल, एवढे मात्र मी आजच कळवतो. या वेळी मी स्वखर्चाने मुरानोला जाणार आहे, फुकटच्या नावेने नव्हे. सही आणि दाखला असलेला एकच पेला आणीन. तो सोसायटीला द्यायचा की घरी ठेवायचा, हे नंतर पाहू.

सी-501: मुरानोला मीही येते. बुडाची खूण दोघांनी मिळून पाहिलेली बरी.

बी-402: अवश्य यावे, काकू. वापोरेत्तोचे तिकीट मात्र ज्याचे त्याने काढावे.