विद्यापीठाचं आवार आणि आपत्कालीन तयारी : जाणकारांचे बारकावे (अनुभव धागा)

आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा बहुतेक विद्यापीठांच्या कपाटात असतो. ऐन वेळी घोडं अडतं ते किल्ली, व्हॉल्व्ह आणि दारापाशी. तुम्ही आवारात जे रोज सांभाळता, त्यात नेमकं काय तपासायचं आणि कुठे दगा होतो, ते लिहा. किस्से नकोत, कृती हवी.

अग्निसुरक्षा पर्यवेक्षक
2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार 'ब' नमुना प्रमाणपत्र (आगीची उपकरणं चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र) जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. मधले महिने एजन्सीवर सोडू नका. आग विझवायच्या एबीसी (कोरड्या) पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा, पिनचं सील शाबूत हवं आणि नळीच्या तोंडात कुंभारमाशीचं घर नको. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सिलिंडरला काटाच नसतो, तो वजनावरच कळतो. आतल्या वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर भरून घ्या.

सराव घेताना एक गोष्ट हमखास दिसते : माणूस घाबरून आधी हँडल दाबतो आणि मग पिन ओढतो. दाबलेल्या हँडलमध्ये पिन अडकते. सिलिंडर जमिनीवर टेकवा, पिन ओढा, मगच उचला. पाठ दाराकडे ठेवा, मारा ज्वाळेवर नको, बुडाशी करा. 6 किलोचा सिलिंडर वीसेक सेकंदांत संपतो, तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर बाहेर पडा.

हायड्रंटच्या (आगीसाठीच्या पाण्याच्या नळांच्या) पंपखोलीत रोज डोकावा. कुठेतरी गळती असली की जॉकी पंप (नळातला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू-बंद होतो, त्या कटकटीला वैतागून कुणीतरी पॅनल 'ऑफ'वर टाकतं. मग आगीच्या वेळी नळाला नुसती हवा येते. गळती शोधा, पॅनल 'ऑटो'वरच ठेवा.

प्रयोगशाळा सहायक, रसायनशास्त्र
सोडियमची आग फक्त कोरड्या वाळूने विझवायची, त्यावर पाणी नको आणि सीओटूही नको. पण पावसाळ्यात उघड्या बादलीतली वाळू दमट होते, आणि दमट वाळू सोडियमवर पडली की हायड्रोजन निघून भडका वाढतो. वाळू भाजून, झाकणाच्या डब्यात, आत स्कूप ठेवून भरा. जूनच्या आधी हे झालंच पाहिजे.

आयवॉश (डोळे धुवायचा फवारा) आठवड्यातून एकदा पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा, नाहीतर पहिला फवारा गंजाचा येतो. डोळ्यात ॲसिड गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून सलग 15 मिनिटं धुवा. नायट्रिक ॲसिड ॲसिटोन किंवा ॲसिटिक ॲसिडच्या कपाटात ठेवू नका.

द्रव नायट्रोजन लिफ्टमधून नेताना सोबत माणूस नको. एक लिटरचा जवळपास 700 लिटर वायू होतो आणि लिफ्ट बंद पडली तर आत ऑक्सिजन उरत नाही. खाली एकाने फ्लास्क आत ठेवावा, वर दुसऱ्याने काढून घ्यावा, दाराला 'आत येऊ नका' अशी पाटी लावावी.

वसतिगृह अधीक्षक
रात्री जिन्याच्या तळाच्या दाराला बाहेरून कुलूप नको. चोरीची भीती असेल तर आतून ढकलल्यावर उघडणारी दांडी बसवा, सोबत भोंगा. तळमजल्याच्या खिडक्यांना निदान एक बिजागरीचं ग्रिल हवं, कडी आतून. बायोमेट्रिक हजेरी वीज गेली की कुचकामी, म्हणून रात्रीची यादी छापून फाटकावर ठेवा. जमण्याच्या जागी खोलीवार मोजणी झाली की आत कोण राहिलंय ते अग्निशमन दलाला लगेच सांगता येतं.

ग्रंथपाल, मराठवाडा
किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला, त्या वेळी ग्रंथालयं बंद असतात. दिवसा झाला तर सुटे रॅक पत्त्यांसारखे एकावर एक कोसळतील. रॅक वरच्या बाजूने एकमेकांना आणि भिंतीला पट्टीने बोल्ट करा, जाड खंड खालच्या फळ्यांवर. हादरे चालू असताना जिन्याकडे धावू नका, टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय घट्ट धरा.

विद्युत व पाणीपुरवठा, मुंबई उपनगर
26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला. तरीही जनरेटर आणि पॅनल तळघरात बसवणं थांबलेलं नाही, याचा खरंच राग येतो. पुराचं पाणी शिरलेली जमिनीखालची टाकी आधी उपसून, घासून घ्या. मग 1000 लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळ टाकीत ओता, तासभर थांबा. उघड्या पोत्यातल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो.

विद्यार्थी कल्याण विभाग
कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात 25 नोव्हेंबर 2023 ला कार्यक्रमाआधी पाऊस आला, लोक आडोशाला सभागृहाच्या दाराशी लोटले, उताराच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरीत चार जण गेले. म्हणून स्नेहसंमेलनाला आत सोडणं लवकर सुरू करा, सगळी दारं उघडी ठेवा, पायऱ्यांच्या वर गर्दी साचू देऊ नका. व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रत्येकासाठी दोन माणसं नावानिशी नेमा, आणि त्यांची सुट्टी असेल त्या दिवसाचा बदलीही यादीत लिहा.