गुडघा बदलल्यानंतर तोल का जातो?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याच्या सांधेरोपणाला सात आठवडे झाले. गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकतो, वेदनाही कमी आहेत. परंतु वळताना ती भिंत धरते आणि रामकुंडाकडे जायचे म्हटले की पायऱ्यांची धास्ती घेते. असे का होत असावे?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट): दोष सांध्यातच असेल असे नाही. वर्षानुवर्षांच्या दुखण्याने मांडीचा पुढचा स्नायू आधीच क्षीण झालेला असतो, तो शस्त्रक्रियेनंतर आणखी दुबळा होतो आणि पाय नेमका कुठे आहे हे मेंदूला कळवणारी जाणीवही मंदावलेली असते. त्यामुळे नुसता गुडघा वाकवून भागत नाही. स्वयंपाकघरातील ओट्याला बोटे टेकवून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, कडेकडेने चालणे आणि हातांचा आधार कमी करत खुर्चीतून उठणे हे व्यायाम, त्यांना तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टला विचारून, कोणीतरी जवळ असतानाच करावेत. डोळे मिटून करण्याची घाई मात्र नको.

उत्तर (सिडको): माझे वडील गुडघ्याखाली उशी घेऊन झोपत, आणि पाय पूर्ण सरळ होईना. पुढे टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो हळूहळू सरळ झाला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा; काठी विरुद्ध हातात. घाटाच्या ओल्या पायऱ्या तूर्त टाळाव्यात.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट): पोटरी एकाएकी सुजून दुखू लागल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.