चर्चा: चिन्ह एकदाच काढावं की मापागणिक वेगळं?

गडवाट
ट्रेकच्या नकाशाची जुनी एसव्हीजी फाइल (चित्र बिंदू आणि रेघांच्या आकड्यांनी लिहिलेली) हातात आली. बुरुजाचं एकच चिन्ह ३१२ वेळा चिकटवलेलं, आणि प्रत्येक मापासाठी बिंदूंचे आकडेच गुणून टाकलेले. झेंड्याची काठी जरा उंच करायची तर ३१२ पाथ, म्हणजे आकाराच्या बाह्यरेघा, दुरुस्त करायचे! माझं मत ठाम आहे: आकार एकदाच काढायचा. २४ बाय २४ च्या व्ह्यूबॉक्समध्ये (चिन्हाच्या मोजणीच्या चौकटीत) एक 'सिम्बॉल', म्हणजे मूळ आकार, बाकी सगळीकडे त्याला बोलावणारा 'यूज', जागा आणि माप तिथल्या तिथे. २००१ साली एसव्हीजीची पहिली शिफारस (अधिकृत मानक) आली तेव्हापासून ही सोय आहे, वापरत का नाही आपण?

रेघोटी
मला हे पटत नाही. तुमच्या चौकटीत रेघ २ जाडीची, जंग्यांची, म्हणजे तटातून मारा करायच्या भोकांची, फट १ ची असं धरू. ९६ पिक्सेलला रेघ ८ ची होते, बुरूज ठोकळ्यासारखा दिसतो. १२ पिक्सेलला फट अर्ध्या पिक्सेलवर येते, जंग्या मिटतात, उरतो करडा डाग. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक मापाचं अक्षर वेगळं कोरत, ते काही हौसेखातर नव्हे. लहान अक्षराची पोकळी मोकळी ठेवावीच लागते.

गडवाट
जाडीवर उपाय आहे की. 'व्हेक्टर-इफेक्ट' या गुणधर्माला 'नॉन-स्केलिंग-स्ट्रोक' (रेघ न ताणणारं) हे मूल्य द्या, माप काहीही असो, रेघ २ पिक्सेलचीच राहते.

रेघोटी
राहते ना, आणि तिथेच घात होतो! रेघ तेवढीच राहिली, फट मात्र आक्रसली. १२ पिक्सेलला जंग्या आधीपेक्षा जास्त बुजतात. करून बघा.

कॅनव्हासकर
दोघंही चिन्हाबद्दल बोलताय, मला वेगाची काळजी आहे. प्रत्येक 'यूज'मागे ब्राउझर आतल्या आत एक प्रत उभी करतो. फाइल लहान होते, काम लहान होत नाही. चिन्हं हजारोंनी असली तर कॅनव्हास (पानावर कोडने थेट रंगवायची पाटी) घ्या: 'पाथटूडी', म्हणजे साठवलेला आकार, एकदा बनवा आणि तोच फिरवत राहा. फक्त एक खाच लक्षात ठेवा. आधी 'स्केल' (ताणणं) करून मग 'स्ट्रोक' (रेघ मारणं) केलंत तर रेघही फुगते. त्यापेक्षा रिकामा पाथ घ्या, 'ॲडपाथ'ने मूळ पाथ मॅट्रिक्ससकट (माप आणि जागा बदलणाऱ्या आकड्यांसकट) त्यात घाला आणि न ताणलेल्या कॅनव्हासवर रेघ मारा. आकार मोठा होतो, रेघ तशीच राहते. मापं चार-पाचच असतील तर हे पाथ साठवूनही ठेवता येतात.

गडवाट
३१२ बुरुजांसाठी कॅनव्हास? गडावर क्लिक केलं की माहिती उघडायला हवी, स्क्रीन रीडरला (अंधांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) गडाचं नाव कळायला हवं. कॅनव्हासवर ते सगळं स्वतः रचत बसावं लागतं. तिथे मी येणार नाही.

नवशिका
मधेच विचारतो. माझ्या 'यूज'ला रुंदी-उंची दिली तरी काहीच बदलत नाही. रंगही बदलत नाही.

गडवाट
आत साधा ग्रूप (आकारांची नुसती मोट) असणार. रुंदी-उंची लागू पडते ती आत सिम्बॉल किंवा एसव्हीजी असेल तरच. आणि बाहेरचा सिलेक्टर (रंगरूपाचा नियम कशाला लावायचा ते सांगणारा भाग) 'यूज'च्या आतल्या पाथपर्यंत पोचत नाही, वारशाने आलेला रंग मात्र पोचतो. आत रंगाच्या जागी 'करंटकलर' (वारशाने येईल तो रंग) लिहा, बाहेरून 'कलर' द्या.

रेघोटी, करून पाहिलं. १२ ला खरंच डाग दिसतो. लहान मापासाठी दुसरा सिम्बॉल काढतो, जंग्या न दाखवता. पण सिम्बॉल दोनच, ३१२ प्रती नाहीत.

रेघोटी
दोन चालतील. जंग्या काढल्यावर झेंडाही जाड करा, नाहीतर १२ ला बुरूज आणि विहिरीचं चिन्ह सारखंच दिसेल.