आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए.: दिल्ली, पुणे, की गुपचूप एमपीएससी?

कांदेनवमी

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी निफाड तालुक्यातली. नाशिकला टी.वाय.बी.ए. करतेय, राज्यशास्त्र, मराठी माध्यम. बाकीचे पेपर मी परीक्षेच्या आधी गाइड उघडून काढते, पण आंतरराष्ट्रीय राजकारणाचा तास बुडाला तर चिडचिड होते. सुवेझ कालव्यावरून एवढं रामायण का झालं, चीन एकीकडे सीमेवर सैन्य आणतो आणि दुसरीकडे आपल्याशी व्यापार वाढवतो हे त्याला कसं जमतं, असलं काहीबाही डोक्यात घोळत राहतं. एम.ए. याच विषयात करायचं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय. वडील म्हणतात एमपीएससीला बस. मामा म्हणतो बी.एड. कर, कुठंतरी चिकटवू. आई काहीच बोलत नाही, पण दिल्लीचं नाव निघालं की ओट्यावरची भांडी जोरात वाजतात.

तर विचारायचं हे, की त्यासाठी दिल्लीच गाठावी लागते का? पुण्या-मुंबईत धड शिकवत नाहीत का? हे एम.ए. करून लोक पुढे पोटाला काय करतात? परराष्ट्र खात्यात जायचा हाच रस्ता का? आणि इंग्रजी कितपत आडवं येतं? मला वाचून समजतं, लिहिताना हात अडतो. घरचं उत्पन्न कांद्याचं, म्हणजे लासलगावला काय भाव फुटेल त्यावर. एका खासगी विद्यापीठाची फी बघितली आणि मुकाट्यानं पान बंद केलं.

पेठेतली_मेस

परराष्ट्र खात्याचं आधी निकालात काढतो, कारण त्यावर गैरसमज फार. विदेश सेवेत जायचं तर यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा, तीच जी कलेक्टर व्हायला देतात. कुठल्याही शाखेची पदवी चालते, एम.ए. लागत नाही. २०२२ च्या परीक्षेतून विदेश सेवेला जागा होत्या ३८, अख्ख्या देशात. खुल्या गटाला सहा प्रयत्न, वय ३२ पर्यंत. 'राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय घेतलास तर एम.ए.चा दुसऱ्या पेपरला उपयोग होतो, जीएसच्या (सामान्य अध्ययनाच्या) दुसऱ्या पेपरातही परराष्ट्र धोरण येतं. बस, एवढंच. विजय गोखले परराष्ट्र सचिव होते, त्यांचं एम.ए. इतिहासातलं.

माझे स्वतःचे प्रयत्न संपले. सदाशिव पेठेत अजून राहतो, कारण आता मेसचा हिशोब बघायला लागलोय. वडिलांचं ऐक. आमच्या वाड्यात दर दुसऱ्या खोलीत एक एम.ए. झोपलेला आहे. (हलके घे.)

गंगाढाबा

मेस, पहिला परिच्छेद अगदी बरोबर. दुसरा मागे घ्या.

कांदेनवमी, मी उदगीरची, मराठी माध्यमाचीच. जेएनयूच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजमधून एम.ए. केलं, आता दिल्लीतच एका संशोधन संस्थेत पश्चिम आशियावर काम करते. तेव्हा माझं बोलणं त्या बाजूला झुकणार, हे धरून वाच.

हे स्कूल जेएनयूपेक्षा जुनं. १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये सुरू झालं, १९७० मध्ये जेएनयूत आलं. तिथं जगाचे तुकडे पाडून एकेकाचं वेगळं केंद्र केलंय: पश्चिम आशिया, आफ्रिका, पूर्व आशिया, दक्षिण आशिया, रशिया आणि मध्य आशिया. त्यामुळे जेवायला बसलं की एका बाजूला येमेनवर पीएच.डी. करणारा, दुसऱ्या बाजूला मंगोलियावाली. अभ्यासाच्या निम्म्या गोष्टी मला या ताटांवर कळल्या.

वर्गात मात्र सुरुवातीला सगळा सिद्धान्तच. राष्ट्रांच्या डोक्यावर कुणी सरकार नाही, मग ती एकमेकांशी अशी का वागतात, या एका प्रश्नावर विद्वान पिढ्यान्‌पिढ्या भांडतायत. मॉर्गेन्थाऊ माणसाच्या सत्तेच्या हावेपासून सुरुवात करतो. वॉल्ट्झ म्हणतो, स्वभाव सोडा, रचना बघा. वेंट म्हणतो, ती रचनासुद्धा राष्ट्रांनीच एकमेकांशी वागता वागता घडवलेली. तुझा चीनचा प्रश्न तिघांना विचारलास तर तीन उत्तरं येतील, आणि परीक्षेत हेच करायचं असतं. बातम्यांची आवड म्हणून आलेली बरीच पोरं इथं गळपटतात. त्यांना आज काय झालं यावर बोलायचं असतं. तुला सुवेझचं 'का' पडलंय, म्हणजे तू टिकशील.

प्रवेश २०२२ पासून सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो. ७५ वस्तुनिष्ठ प्रश्न, चुकलं की गुण कापतात, पेपर इंग्रजी-हिंदीत, मराठीत नाही. आमच्या वेळी विद्यापीठाची स्वतःची परीक्षा होती, लांबलचक उत्तरं लिहावी लागायची. माझ्यासारखीला तेच सोयीचं, कारण माहिती अर्धवट असली तरी डोकं चालतं की नाही हे तपासणाऱ्याला दिसायचं. आता करार, सालं, संस्था, विचारवंत पाठ हवेत. माझ्या मते हा बदल वाईटच झाला, पण ते ना तुझ्या हातात ना माझ्या. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत असतात, टी.वाय.च्या गडबडीत तारीख चुकवू नकोस.

पैशाचं म्हणशील तर जेएनयूची शिकवणी फी आजही नगण्य आहे. २०१९ मध्ये हॉस्टेलच्या खोलीचं भाडं महिना १०-२० रुपयांवरून ३००-६०० करायला निघाले तेव्हा केवढं आंदोलन झालं, ते टीव्हीवर बघितलं असशील. खरा खर्च मेसचा. आणि हॉस्टेल पोहोचल्या दिवशी मिळेल असं धरून येऊ नकोस, सुरुवातीला कुणाच्या तरी खोलीत गादी टाकून राहायची तयारी ठेव. दिल्लीतच साउथ एशियन युनिव्हर्सिटीही बघ. दक्षिण आशियातल्या सार्क देशांनी मिळून काढलेलं, २०१० पासून चालू आहे, तिथंही या विषयात एम.ए. आहे. शेजारच्या बाकावर नेपाळी, बांगलादेशी मुलगी बसलेली असते. भारत 'मोठा भाऊ' म्हणून मिरवतो ते धाकट्यांना कसं दिसतं, हे तिथं ऐकायला मिळतं.

पुणं मुळीच टाकाऊ नाही. संरक्षण, अणुधोरण, सीमाप्रश्न यांत रस असेल तर सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीज विभाग नावाजलेला आहे. शिवाय फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, तिथं जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकवतात. कुठंही जा, पण एक परकी भाषा धर आणि सोडू नकोस. आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. झालेले पैशाला पासरी मिळतात. तेहरानचं वर्तमानपत्र मूळ फारसीत वाचणारा शोधायचा म्हटलं की आमच्या ऑफिसात महिनोन्‌महिने जागा रिकामी राहते.

आणि कांद्याचं तू उत्पन्नाच्या रकान्यात लिहिलंस, मला ते अभ्यासाच्या रकान्यात दिसलं. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारनं निर्यात बंद केली. पुढच्याच महिन्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत हिंदीत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, जेवणात कांदा बंद. सभागृह हसलं. तिकडे ढाक्यात भाव पेटलेले, आणि बांगलादेशानं म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानातून कांदा आणला. मग डिसेंबर २०२३ ची बंदी. तिच्यातही फट ठेवलेली होती: दुसऱ्या देशाच्या सरकारनं मागितला तर केंद्र परवानगी देणार. एप्रिल २०२४ मध्ये बांगलादेश, यूएई, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची परवानगी असल्याचं जाहीर झालं. कुणाला किती, हे कोण ठरवतं? कांदा देऊन बदल्यात काय पदरात पडतं? आणि एकदा तोंड पोळलेलं गिऱ्हाईक पूर्वीसारखं परत येतं का? लासलगावच्या भावाची नोंद एका बाजूला आणि परराष्ट्र मंत्रालयाची संसदेतली उत्तरं दुसऱ्या बाजूला ठेवून यावर कुणी नीट लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. दोन्ही गोष्टी नेटवर फुकट मिळतात.

न्हावाशेवा

गंगाढाबा छान लिहितात, पण दिल्लीची आरती जरा आवरा.

मी मुंबई विद्यापीठातून, कलिन्याला, राज्यशास्त्रात एम.ए. केलं, आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पेपर निवडून, दिवसा अर्धवेळ नोकरी करत. शिकवणारे चांगले होते, आमच्यातली निम्मी पोरं हजेरीपुरती यायची. आता फ्रेट फॉरवर्डरकडे, म्हणजे निर्यातदारांचा माल जहाजानं पाठवून देणाऱ्या कंपनीत आहे, नाशिकची द्राक्षं युरोपला जातात त्या कंटेनरांचं बघतो. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे ऐन द्राक्षाचा हंगाम, आणि रॉटरडॅमची जहाजं सुवेझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागली. दहा-बारा दिवस जास्त, भाडं वेगळंच, आणि रीफरमध्ये (थंड कंटेनरात) नाशवंत माल. साहेबांनी पहिल्यांदाच मला केबिनमध्ये बोलावून विचारलं की हे हुथी कोण, यांना इराण किती ऐकवू शकतो, हे थांबेल का. मी म्हटलं, या हंगामात धरून चालू नका. निर्यातदारांना तसंच कळवलं. तेव्हापासून माझ्या एम.ए.ची टिंगल बंद आहे.

मुंबई-पुण्याच्या बँकांतही बघ. इराण, रशियावरचे निर्बंध कुठल्या व्यवहाराला लागू होतात हे तपासणारी माणसं त्यांना लागतात. झगमगाट शून्य, पगार वेळेवर.

कॉलेजात शिकवायचा विचार असेल तर पदवीवर विषयाचं नाव काय छापलेलं असतं ते आधी बघ. आपल्याकडे जागा निघतात त्या राज्यशास्त्राच्या. नुसतं 'इंटरनॅशनल रिलेशन्स' असेल तर पडताळणीच्या टेबलावर कारकून अडवतो, मग तू वॉल्ट्झ वाचलायस की नाही हे तो विचारत नाही.

गंगाढाबा

न्हावाशेवा, शेवटचा मुद्दा लाखाचा. जेएनयूच्या माझ्या पदवीवर 'पॉलिटिक्स' असून कंसात इंटरनॅशनल स्टडीज आहे, त्यामुळे माझं निभावलं. बाकी आरती चालूच राहील.

कांदेनवमी

एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मेसदादा, वडिलांना तुमचा प्रतिसाद फार आवडला. आईला ताईंचा वाचून दाखवला. तिनं एकच विचारलं, "त्या ताई घरी किती वेळा येतात?"

डिसेंबर २०२३ ची बंदी आली तेव्हा आमचा लाल कांदा निघत होता. उन्हाळी असता तर कांदाचाळीत भरून वाट बघितली असती. लाल टिकत नाही, मिळेल त्या भावाला मोकळं व्हावं लागलं. आणि एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची परवानगी मिळाली तेव्हा आमच्या पारावर जी भाषा झाली ती इथं लिहिता येणार नाही. यावर एम.ए.त लिहिता येतं हे मला खरंच माहीत नव्हतं.

ताई, इंग्रजीचं राहिलं.

गंगाढाबा

आईला सांग, दिवाळी आणि उन्हाळा. लग्नकार्य असेल तर त्याला.

इंग्रजीचं असं. वाचणं हे लिहिण्यापेक्षा मोठं संकट आहे, कारण एका तासासाठी तीस-चाळीस पानं वाचून जावं लागतं. ती सवय आत्ताच लाव. इग्नूच्या एम.ए. राज्यशास्त्राला आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर आहे, त्याचं साहित्य इग्नूच्याच ईज्ञानकोश या साइटवर फुकट आहे आणि भाषा सोपी आहे. एक घटक वाच, पुस्तक मिट, मग त्यातलं म्हणणं दहा ओळींत इंग्रजीत लिही. व्याकरण नंतर. 'हा लेखक म्हणतो, पण मला पटत नाही, कारण' एवढं धडपणे लिहिता आलं की पहिलं सत्र निघतं. माझे पहिले निबंध लाल शाईनं भरून आले होते, पण गुण मुद्द्याला मिळाले. जड शब्द घालायच्या फंदात पडू नकोस. इंग्रजी माध्यमातली पोरं ते करतात आणि मार खातात.

आणि लाल-उन्हाळीचा जो फरक सहज लिहून गेलीस तो वहीत टिपून ठेव. बंदी कुठल्या महिन्यात लागली यावर कुणाचं किती गेलं हे ठरतं, आणि इथल्या चर्चासत्रांत 'कांदा उत्पादक' एकाच गोणीत भरतात. त्या दोन वर्षांच्या कांदाविक्रीच्या पट्ट्या (पावत्या), वडिलांनी ठेवल्या असतील तर, फोटो काढून घे.

पेठेतली_मेस

मी दुसरा परिच्छेद मागे घेत नाहीये. पण सीयूईटीचे राज्यशास्त्राचे जुने पेपर माझ्याकडे पीडीएफमध्ये आहेत, उत्तरांसकट. एक-दोन उत्तरं चुकीची आहेत, ती मी पेन्सिलीनं खुणावलीत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पाठवतो.