ताणाची प्रश्नावली पेठेतल्या पोरांना लागू पडते का?

फॉर्मवाली: एमएच्या प्रबंधासाठी पुण्यात सदाशिव पेठेतल्या दोन अभ्यासिकांत, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांकडून ताणाचे फॉर्म भरून घेतले. प्रश्नावली सगळे वापरतात तीच. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली केलेली, तिची नंतरची दहा प्रश्नांची आवृत्ती. 'गेल्या महिन्याभरात असं किती वेळा वाटलं?' याला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस.

एकाने फॉर्म हातात घेऊन विचारलं, "मॅडम, गेला महिना म्हणजे? असा महिना तर पाच वर्षं चालूये." मग दहाही प्रश्नांना 'कधीकधी'वर गोल केला आणि मेस बंद व्हायच्या आत पळाला. त्याचे गुण वीस. म्हणजे 'मध्यम ताण'. चार प्रश्न उलटे मोजतात, म्हणजे शून्याचे चार, पण 'कधीकधी' उलटं केलं तरी दोनच!

माझं मत स्पष्ट सांगते: जुनाट ताण अंगवळणी पडलेल्या मुलांना हा फॉर्म देण्यात अर्थ नाही. त्यांच्याजवळ बसून बोलावं, तेवढंच खरं.

आकडेमोड: साफ असहमत. १४ ते २६ म्हणजे मध्यम, हे पट्टे नंतर रूढ झालेत. कोहेन यांनी ही मोजपट्टी निदानासाठी नाही असंच सांगितलंय, गटांची तुलना करायला ती आहे. सगळीकडे एकच गोल करणारा फॉर्म बाजूला काढायचा असतो, ते काम तुमचं. आणि बसून बोलायला किती जणांशी बोलणार? वीस? निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती, महाराष्ट्र त्यात नव्हताच. मोजलंच नाही तर समुपदेशक कशाच्या जोरावर मागायचा? नुसत्या गप्पांना मंत्रालयात कोण विचारतं?

अटेम्प्ट_चौथा: मी असा फॉर्म भरलाय. त्यात एक प्रश्न आहे, महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हातात नाहीत असं किती वेळा वाटलं? अहो, *वाटलं* काय? १४ मार्च २०२१ ची राज्यसेवेची पूर्व परीक्षा आयोगाने, म्हणजे एमपीएससीने, ११ तारखेला पुढे ढकलली. तीच पूर्व मुळात ५ एप्रिल २०२० ची. ११ मार्चला आम्ही पुण्यात रस्त्यावर बसलो तेव्हा कुठे २१ मार्च मिळाली. तारीख माझ्या हातात नव्हती ही काय माझी भावना होती? परिपत्रक होतं ते. गुण जास्त आले की वर श्वसनाचं शिबिर आम्हालाच. तारखा बदलणाऱ्यांनी घ्यावेत ना दीर्घ श्वास.

आकडेमोड: शिबिराबद्दल हात जोडतो, तिथे तुमचंच बरोबर. पण 'वाटलं' हा शब्द मुद्दाम आहे. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये हेच मांडलं, की प्रसंग आणि तो पेलायची आपली ताकद यांचा जो हिशोब माणूस मनात करतो, त्यातून ताण येतो. तारीख एकाच दिवशी सगळ्यांची गेली. तुमच्या खोलीतल्या चौघांची अवस्था सारखीच होती?

अटेम्प्ट_चौथा: नव्हती. एकाच्या घरी उसाची शेती होती, तो झोपला निवांत. दुसऱ्याने त्याच आठवड्यात दोन वेळचा डबा एक वेळचा केला. घरच्या फोनवर मात्र दोघांचंही 'मस्त चाललंय'.

साताऱ्याची_आई: मध्येच बोलते, माफ करा. माझा मुलगा तीन वर्षं तिथे होता. 'मस्त चाललंय' मीही ऐकलंय. फॉर्ममध्ये त्याने काय लिहिलं असतं कोण जाणे, पण कुणीतरी अनोळखी माणसाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. आम्हाला सांगायची त्याला लाज वाटायची.

फॉर्मवाली: काकू, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी समोर उभी राहून फॉर्म घेत होते, तेही चुकलंच. ठीक, मोजपट्टी ठेवते. पण निनावी, आणि सोबत दोन प्रश्न माझे: कितवा अटेम्प्ट, आणि डबा एक वेळचा की दोन वेळचा.

आकडेमोड: अटेम्प्ट चालेल. डब्याच्या प्रश्नाने तुम्ही ताण नाही, पैशाची चणचण मोजाल. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या.

अटेम्प्ट_चौथा: पेठेत राहून वेगळ्या काढून दाखवा.